गाठ दिसते कशी आणि असते कशी: स्तनाच्या कर्करोगाचे प्रकार आणि इमेजिंग, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर मॅमोग्राम, सोनोग्राफी आणि एमआरआय वाचणं हे माझं काम. रिपोर्ट हातात पडल्यावर पेशंट विचारतात, नातेवाईक विचारतात, शिकाऊ डॉक्टरही विचारतात. त्यातले बरेचसे प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात: चित्रात जे दिसतंय त्याचा आणि पॅथॉलॉजीच्या कागदावर जे लिहिलंय त्याचा एकमेकांशी संबंध काय? ते प्रश्न इथे एकत्र केलेत. या पानावरून कुणी उपचार ठरवू नयेत. ते तुमची फाइल समोर असलेल्या डॉक्टरांचं काम.

मॅमोग्राफी किंवा एमआरआय बघून कर्करोगाचा प्रकार सांगता येतो का?

नाही. अंदाज बांधता येतो, आणि तो कधी बरोबर येतो, कधी सपशेल चुकतो. प्रकार ठरतो तो सुईने काढलेल्या तुकड्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली आणि रिसेप्टरच्या, म्हणजे पेशींमधल्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनांच्या, चाचण्यांवर.

पण म्हणून चित्र मुकं नसतं. गाठीतल्या पेशी शेजारच्या ऊतींशी कशा वागतात, किती वेगाने वाढतात, स्वतःकडे रक्त कसं ओढतात, मेल्या तर मागे काय ठेवतात, या सगळ्याच्या खुणा चित्रात उमटतात. आम्ही वाचतो ते गाठीचं वागणं. नाव ठेवायचं काम पॅथॉलॉजिस्टचं.

हे प्रकार नेमके कोणते? प्रत्येक जण वेगळंच नाव सांगतो.

कारण वर्गीकरणं दोन आहेत आणि ती एकाच कागदावर येतात.

पहिलं, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात त्यावरून. सर्वात जास्त आढळतो तो डक्टल, ज्याला हल्ली 'विशेष प्रकार नसलेला' असंही लिहितात. त्यानंतर लोब्युलर, शंभरातले साधारण १० ते १५. मग म्युसिनस, ट्युब्युलर असे तुरळक प्रकार. डीसीआयएस वेगळा: त्यात कर्करोगाच्या पेशी दुधाच्या नलिकेच्या आतच असतात, भिंत फोडून बाहेर पडलेल्या नसतात.

दुसरं वर्गीकरण पेशींवर कोणते रिसेप्टर आहेत यावर. इस्ट्रोजेनचा इआर, प्रोजेस्टेरॉनचा पीआर आणि हर-टू हे प्रथिन. शिवाय पेशी किती वेगाने विभागतायत हे सांगणारा केआय-६७. २००० साली गाठींमधल्या हजारो जनुकांची हालचाल एकाच वेळी मोजून असं दाखवलं गेलं की 'स्तनाचा कर्करोग' हा एक आजार नव्हेच, त्यात वेगवेगळी कुटुंबं आहेत. ल्युमिनल ए, ल्युमिनल बी, हर-टू आणि बेसल ही नावं त्या आणि त्यापुढच्या कामातून आली. ढोबळमानाने ल्युमिनल म्हणजे हार्मोन पॉझिटिव्ह: ए संथ वाढणारी, बी त्याहून वेगवान. रोजच्या व्यवहारात प्रत्येकीची जनुकं कुणी मोजत नाही. इआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७ यांवरून गाठ कोणत्या कुटुंबातली ते ठरवलं जातं.

ढोबळ हिशेब असा: दर दहांत सातेक गाठी हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे इआर किंवा पीआर असलेल्या) आणि हर-टू निगेटिव्ह. हर-टू पॉझिटिव्ह शंभरात १५ ते २०. तिन्ही रिसेप्टर नसलेल्या, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह, शंभरात १० ते १५. बेसल आणि ट्रिपल निगेटिव्ह ही दोन वर्तुळं बरीचशी एकमेकांवर बसतात, पण तंतोतंत नाही.

रिपोर्टमध्ये 'काटेरी कडा' लिहिलंय. म्हणजे सगळ्यात वाईट प्रकार का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

काटेरी कडा म्हणजे ही गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता खूप जास्त. तेवढंच. ती किती आक्रमक आहे हे त्यावरून कळत नाही. उलट, ठसठशीत काटे असलेल्या गाठी पुष्कळदा हार्मोन पॉझिटिव्ह, कमी ग्रेडच्या (म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशींपेक्षा फार वेगळ्या न दिसणाऱ्या), हळू वाढणाऱ्या निघतात. ट्युब्युलर कर्करोग हा याचा टोकाचा नमुना. चित्रात एखाद्या ताऱ्यासारखा भयंकर दिसतो, आणि वागायला स्तनाच्या कर्करोगांतला सगळ्यात सौम्य म्हणावा असा.

हे असं का, तर काटे बहुतांशी कर्करोगाच्या पेशींचे नसतातच. ते शरीराने घातलेले असतात. गाठ सावकाश वाढत असेल तर आजूबाजूच्या ऊतींना प्रतिक्रिया द्यायला वेळ मिळतो. तिथल्या पेशी कोलॅजेनचे धागे तयार करतात, जखम भरताना वण धरावा तसे. ते धागे आखडतात आणि भोवतालची चरबी, नलिका, कधीकधी वरची त्वचासुद्धा आत ओढून घेतात. मॅमोग्राममध्ये पांढऱ्या रेषा केंद्राकडे धावताना दिसतात त्या या ओढाताणीच्या.

सोनोग्राफीत याच गाठीच्या मागे काळी सावली पडते. तिचंही कारण तेच: दाट कोलॅजेन ध्वनिलहरी शोषतं आणि इकडेतिकडे विखुरतं, पलीकडे फारसं काही पोचत नाही. म्हणजे मॅमोग्रामचे काटे आणि सोनोग्राफीची सावली या एकाच घटनेच्या दोन साक्षी.

थ्रीडी मॅमोग्राफी, म्हणजे टोमोसिंथेसिस, आल्यापासून अशा गाठी आधीपेक्षा जास्त सापडतात, कारण एकमेकांवर आलेल्या ऊती बाजूला झाल्या की काटे स्पष्ट दिसतात. ज्यांना काटेच नाहीत त्यांना या तंत्राचा तेवढा फायदा होत नाही, हे मात्र जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

मग गुळगुळीत, गोल गाठ म्हणजे निर्धास्त?

इथेच खरी गोम आहे.

बहुतेक गोल, गुळगुळीत गाठी खरोखरच निरुपद्रवी असतात: पाण्याच्या गाठी, फायब्रोअडेनोमा. पण कर्करोगांमध्ये गोल आणि बऱ्यापैकी गुळगुळीत कोण दिसतं, तर ट्रिपल निगेटिव्ह. त्या इतक्या झपाट्याने वाढतात की भोवती धागे विणायला शरीराला उसंतच मिळत नाही. पेशी एकगठ्ठा फुगत जातात आणि शेजारच्या ऊतींना ढकलतात. बीआरसीए-१ या जनुकात दोष असला की स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो; अशा बायकांच्या गाठीही पुष्कळदा अशाच, कारण त्यांतल्या बहुसंख्य ट्रिपल निगेटिव्ह असतात.

सोनोग्राफीच्या पडद्यावर असं एक चित्र डोळ्यापुढे आणा. पस्तिशीतली बाई, दोन सेंटिमीटरच्या आतली लंबगोल गाठ. आतून गडद, मागे सावली नाही. उलट गाठीच्या मागचा भाग उजळलेला, पाण्याच्या गाठीमागे उजळतो तसा. पेशी दाटीवाटीने पण एकसारख्या भरलेल्या, मधे मधे मेलेला पातळ भाग, कोलॅजेन नावाला. त्यामुळे लहर अडखळत नाही. घाईत बघणारा 'फायब्रोअडेनोमा, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा' असं लिहून मोकळा होईल. पण कडेवर फिरत जा. एका बाजूला दोन-तीन बारीक फुगवटे दिसतात. गाठ आडवी असली तरी एका टोकाला किंचित उभी व्हायला लागली आहे. मध्यभागी अगदी काळा ठिपका आहे. असं काही दिसलं की सहा महिने थांबायचं नाही, सुई घालायची.

म्युसिनस कर्करोग हा गुळगुळीत दिसणारा आणखी एक. तो मात्र वृत्तीने सौम्य. त्याची गोलाई वेगातून येत नाही, पेशींभोवती साठलेल्या बुळबुळीत द्रवातून येते. एमआरआयच्या टी-टू चित्रात तो पाण्यासारखा पांढरा लखलखतो. तेव्हा एकाच गुळगुळीतपणाची कारणं दोन, आणि स्वभाव अगदी उलट.

मॅमोग्राममधले पांढरे ठिपके म्हणजे काय? त्यांचा हर-टूशी संबंध आहे असं वाचलं.

ते कॅल्शियमचे कण. बहुतेक निरुपद्रवी असतात. आहारातल्या कॅल्शियमशी त्यांचा काही संबंध नाही, गोळ्या बंद करायची गरज नाही.

संशय येतो तो बारीक, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान, वेडेवाकडे कण एका ठिकाणी गोळा झाले की. त्यातही ते ओळीने, फाटे फुटल्यासारखे मांडलेले असतील तर जास्तच. ही मांडणी नलिकेचा ठसा असते. उच्च ग्रेडच्या डीसीआयएसमध्ये पेशी नलिकेत इतक्या गर्दीने वाढतात की मधल्या पेशींपर्यंत रक्तातला प्राणवायू पोचत नाही, त्या मरतात, आणि त्या मृत राडारोड्यात कॅल्शियम बसतं. नलिकेला फाटा फुटला की कणांच्या ओळीलाही फुटतो.

आता हर-टू. उच्च ग्रेडच्या डीसीआयएसमध्ये हर-टू जास्त प्रमाणात सापडतं, आणि हर-टू पॉझिटिव्ह गाठींभोवती डीसीआयएसचा पसारा बऱ्याचदा असतो. म्हणून या गाठींसोबत असे कण इतर प्रकारांपेक्षा अधिक वेळा दिसतात, आणि एकाच स्तनात दोन-तीन ठिकाणी गाठी असण्याचं प्रमाणही जास्त. ट्रिपल निगेटिव्हमध्ये याच्या उलट. तिथे पुष्कळ गाठी नलिकेत फार काळ न रेंगाळता थेट बाहेर पडल्यासारख्या वागतात, आणि कण कमी दिसतात. तरीही कण दिसले म्हणून हर-टू पॉझिटिव्ह असं म्हणता येत नाही. हार्मोन पॉझिटिव्ह गाठींतही कण असतात, आणि संख्येने त्याच गाठी जास्त आहेत.

कणांची बायोप्सी केली की काढलेल्या तुकड्यांचा तिथल्या तिथे एक्स-रे काढतात. पेशंट अजून टेबलावरच असते. तुकड्यात पांढरे ठिपके दिसले की जीव भांड्यात पडतो. मग चार दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो: 'कॅल्शियम आढळलं नाही.' एक्स-रेमध्ये स्वच्छ दिसलेलं कॅल्शियम गेलं कुठे? स्तनात ते दोन रूपांत असतं. कॅल्शियम फॉस्फेट नेहमीच्या रंगकामात जांभळं दिसतं. कॅल्शियम ऑक्झलेट त्या रंगात दिसतच नाही, काचेसारखं पारदर्शक राहतं. पोलराइज्ड प्रकाश टाकला की तेच झगझगतं. अशा वेळी पॅथॉलॉजिस्टला फोन करून 'जरा पोलराइज करून बघता का' एवढं म्हटलं की काम होतं. ऑक्झलेट सहसा निरुपद्रवी बदलांसोबत असतं, त्यामुळे ते सापडणं ही बहुतेक वेळा चांगलीच बातमी.

एमआरआयमध्ये गाठ 'कॉन्ट्रास्ट घेते' म्हणजे काय करते?

शिरेतून गॅडोलिनियम असलेलं औषध देतात आणि पुढची काही मिनिटं एकामागून एक चित्रं घेतात. औषध जिथे रक्त जास्त आणि रक्तवाहिन्या गळक्या, तिथे लवकर जमतं.

गाठ दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. ही कल्पना जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली, आणि स्तनाचा एमआरआय उभा आहे तो याच कल्पनेवर. घाईघाईत बांधलेल्या या वाहिन्या कच्च्या असतात: भिंती सैल, वळणं आडवीतिडवी. म्हणून औषध झटकन आत शिरतं आणि झटकन बाहेरही पडतं. वेळेबरोबर गाठीतलं औषध किती वाढलं-घटलं याचा आलेख काढतात. त्यात रेघ चढून खाली घसरली तर संशय वाढतो. संथपणे चढतच राहिली तर कमी होतो. मधली सपाट रेघ कुणाच्याच बाजूची नाही.

प्रकारांच्या दृष्टीने सगळ्यात बोलकी खूण म्हणजे कडेने पेटणारी आणि मधे काळी राहणारी गाठ. बाहेरच्या बाजूला रक्तपुरवठा आहे, आतला भाग उपाशी मेला आहे. टी-टू चित्रात तो मेलेला भाग पांढरा दिसतो. ही कडेची रिंग आणि मधलं पांढरं, दोन्ही एकत्र असले की माझ्या मनात ट्रिपल निगेटिव्ह येतं. रिपोर्टात मात्र मी तसं लिहीत नाही. लिहिते ती फक्त रिंग आणि तो पांढरा भाग.

डिफ्युजन नावाचं आणखी एक चित्र असतं, त्याला औषध लागत नाही. पाण्याचे रेणू पेशींच्या गर्दीत किती मोकळे फिरतात ते त्यात मोजतात. गर्दी जास्त तर आकडा कमी. म्युसिनसमध्ये पेशी कमी आणि द्रव जास्त, म्हणून कर्करोग असूनही आकडा चढा येतो. नुसत्या आकड्यावर विसंबणारा तिथे फसतो.

लोब्युलर कर्करोग मॅमोग्राममध्ये सुटतो म्हणतात. का?

पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं ई-कॅडेरिन नावाचं प्रथिन या प्रकारात बहुधा नाहीसं झालेलं असतं. त्यामुळे पेशी गोळा होत नाहीत, एकामागे एक रांगेने ऊतींच्या धाग्यांमधून सरकतात. गोळाच नाही तर एक्स-रेला अडणार काय? बाईला हाताला 'इथे जरा घट्ट लागतंय' एवढंच जाणवतं, आणि मॅमोग्राममध्ये थोडी ओढ दिसते किंवा काहीच दिसत नाही. कधी एक स्तन हळूहळू लहान होत गेलेला दिसतो. कॅल्शियमचे कणही क्वचितच.

एमआरआय इथे उपयोगी पडतो, पसारा किती आहे ते बरंच नीट दाखवतो. बहुतेक लोब्युलर गाठी हार्मोन पॉझिटिव्ह असतात. म्हणजे औषधांच्या दृष्टीने चांगल्या घरच्या, आणि शोधायच्या दृष्टीने महाचिवट. पसरल्या तर हाडांबरोबरच पोटाचं आतलं आवरण, जठर, आतडं, अंडाशय अशा अनपेक्षित जागीही जातात, तेही असेच रांगेने, गाठ न करता. सीटी स्कॅनमध्ये तिथेही नजर चुकते.

गेल्या वर्षीचा मॅमोग्राम नॉर्मल होता. वर्षात एवढी गाठ आली कुठून?

दोन शक्यता. एक, गाठ होती पण दिसली नाही. स्तन दाट असेल तर ऊती पांढऱ्या आणि गाठही पांढरी. नेदरलँड्समध्ये अतिशय दाट स्तन असलेल्या ५० ते ७५ वर्षांच्या बायकांवर 'डेन्स' नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१९ मध्ये आले. मॅमोग्राम नॉर्मल आल्यावर एका गटाला जादा एमआरआयसाठी बोलावलं, दुसऱ्याला नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवलेले कर्करोग दुसऱ्या गटात हजारी ५ होते, बोलावलेल्या गटात हजारी २.५.

दुसरी शक्यता, गाठ खरोखरच वेगाने वाढली. थोडं गणित करू. गाठीचं आकारमान दुप्पट झालं तरी व्यास फक्त सव्वापट वाढतो. व्यास दुप्पट व्हायला तीनदा दुप्पट व्हावं लागतं. समजा ५ मिलिमीटरच्या दोन गाठी आहेत, एकीला दुप्पट व्हायला १०० दिवस लागतात, दुसरीला २५०. वर्षभराने पहिली साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास असेल, दुसरी ७. पहिली तोवर हाताला लागू शकते, दुसरी पुढच्या मॅमोग्रामची निवांत वाट बघत बसलेली असते.

म्हणूनच नियमित तपासणीत सापडलेल्या गाठींमध्ये ल्युमिनल ए जास्त, आणि दोन तपासण्यांच्या मधे बाईला स्वतःला सापडलेल्या गाठींमध्ये ट्रिपल निगेटिव्ह आणि वेगवान गाठींचा वाटा जास्त. जाळं ठरावीक दिवशीच टाकलं तर त्यात संथ मासेच अधिक येणार. नॉर्मल मॅमोग्रामचा कागद घरात आहे म्हणून हाताला लागलेली नवी गाठ अंगावर काढू नका, असं मी जीव तोडून सांगते ते याचसाठी.

बीआरसीए दोष असलेल्यांना अनेक मार्गदर्शक तत्त्वं पंचविशीपासूनच दरवर्षी एमआरआय सुचवतात, मॅमोग्राम त्यानंतर तिशीपासून. कोवळं वय, दाट स्तन आणि वेगवान, गुळगुळीत गाठी, तिन्ही गोष्टी मॅमोग्रामच्या विरोधात जातात.

बायरॅड्स ५ म्हणजे पाचवी स्टेज?

नाही! हा गैरसमज इतका पसरलाय की रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापावंसं वाटतं. बायरॅड्स म्हणजे चित्र बघून वाटणारा संशय: ० म्हणजे अजून चित्रं हवीत, ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता शंभरात २ पेक्षा जास्त नाही, ५ म्हणजे ९५ किंवा त्याहून जास्त. स्टेज ही वेगळी गोष्ट, आणि ती मुळात चारपर्यंतच असते. शिवाय बायरॅड्सला प्रकार कळत नाही. एक सेंटिमीटरची काटेरी, मवाळ ल्युमिनल ए गाठ ५ मध्ये बसते, आणि वर सांगितलेली ती गुळगुळीत ट्रिपल निगेटिव्ह ४ मध्ये.

पेट स्कॅनमध्ये जास्त चमकते ती गाठ जास्त वाईट का?

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर देतात. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू गाठी साधारणपणे जास्त चमकतात, ल्युमिनल ए आणि लोब्युलर कमी. तेव्हा चमक हा वेगाचा अंदाज आहे खरा, पण एक सेंटिमीटरहून लहान गाठ न चमकताही आक्रमक असू शकते, आणि नुसती सूज चमकू शकते. लोब्युलर पसरलेला असूनही पेट स्कॅन 'स्वच्छ' येतो, हे तर मी अनेकदा पाहिलंय.

साखरेऐवजी इस्ट्रोजेनसारख्या रेणूला खूण लावण्याची युक्ती यापुढची. असा फ्लुरोइस्ट्राडायोल पेट अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाला. त्यात चमकतो तो थेट इआर. शरीरात दहा जागी पसरलेल्या आजारात कुठल्या जागी रिसेप्टर शाबूत आहे आणि कुठे हरवलाय, हे एकाच वेळी दिसतं. सुई दहा ठिकाणी घालता येत नाही. इमेजिंग जीवशास्त्राच्या इतकं जवळ पोचलेलं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. एक मर्यादा आहे: यकृत स्वतःच हे औषध खूप घेतं, त्यामुळे यकृतातल्या गाठी त्यात झाकल्या जातात.

केमो चालू असताना पुन्हा एमआरआय कशासाठी?

गाठ औषधाला दाद देते का ते बघायला. आणि दाद देण्याची रीतही प्रकारागणिक बदलते. ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू गाठी चांगला प्रतिसाद देतात तेव्हा बऱ्याचदा चहूबाजूंनी आकसत एका बिंदूकडे जातात. हार्मोन पॉझिटिव्ह गाठी ढासळलेल्या भिंतीसारख्या होतात: मधला भाग विरतो, पण तुकडे जुन्या जागेभर विखुरलेले राहतात. दोन टोकांमधलं अंतर पूर्वीइतकंच, गाठ मात्र निम्मी. म्हणून नुसता लांबीचा आकडा बघून 'केमोचा उपयोग झाला नाही' म्हणू नये. एकूण घनफळ मोजणं जास्त प्रामाणिक.

सुरुवातीलाच गाठीत धातूची बारीकशी क्लिप बसवतात ती यासाठीच. सगळं दिसेनासं झालं तरी सर्जनला जागा कळली पाहिजे. आणि एमआरआयमध्ये काही उरलं नाही म्हणजे खरंच काही उरलं नाही, असं नाही. विखुरलेल्या चार पेशींना चित्रात उमटण्याइतका रक्तपुरवठा लागत नाही. एमआरआयचा अंदाज हर-टू आणि ट्रिपल निगेटिव्हमध्ये बरा जुळतो, ल्युमिनलमध्ये कमी. शस्त्रक्रिया टळत नाही ती त्यामुळेच.

काखेतल्या गाठींवरून प्रकार कळतो?

नाही. लसिका ग्रंथीचं बाहेरचं आवरण जाड झालंय का, मधली चरबी नाहीशी झालीय का, एवढं सोनोग्राफीत बघतो. संशय आला तर तिथूनही सुईने नमुना घेतो.

चित्रावरून जीन टेस्ट टाळता येईल? किंवा हर-टू?

आज तरी नाही. हार्मोन पॉझिटिव्ह गाठीत केमो लागेल का हे ठरवायला २१ जनुकांची जी चाचणी करतात, तिची जागा कुठलंही स्कॅन घेत नाही. हर-टूचंही तसंच. पॅथॉलॉजीत रंग ० ते ३+ असा मोजतात आणि २+ आला तर जनुकाची आणखी एक चाचणी करून निर्णय देतात. २०२२ पासून तर पसरलेल्या आजारात हर-टू 'कमी' असलेल्या गाठींसाठीही औषध आलंय. ० आणि १+ यांतला फरक पॅथॉलॉजिस्टलाच डोळे ताणून ठरवावा लागतो, स्कॅनमध्ये तो कुठून दिसणार?

कंप्युटर तरी ओळखेल ना? एआयबद्दल खूप ऐकतो.

दोन वेगळी कामं आहेत. मॅमोग्राममध्ये संशयास्पद जागा शोधणं, यात एआयने चांगली मजल मारली आहे. स्वीडनमधल्या 'मासाई' चाचणीत ८० हजारांवर बायका होत्या. २०२३ मध्ये आलेल्या निकालात एआयच्या मदतीने डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्के कमी झालं आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण घटलं नाही.

दुसरं काम, चित्रातल्या शेकडो बारीक मापांवरून रिसेप्टर किंवा जनुकं ओळखणं. याला रेडिओमिक्स म्हणतात. संबंध सापडतात, खोटे नसतात. पण एका मशिनच्या चित्रांवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या मशिनवर डळमळतं, आणि पेशंटची संख्या थोडी असली की मापांच्या गर्दीत योगायोगही नियम वाटू लागतात. मला स्वतःला यातून नवं नाव मिळण्यापेक्षा 'या कोपऱ्यात गाठ वेगळी दिसतेय, सुई इथेही घाला' अशी मदत मिळाली तर जास्त आवडेल.

म्हणजे एकाच गाठीत वेगवेगळे प्रकार असू शकतात?

हो. सुई घेते तो नमुना गाठीच्या अगदी छोट्या भागाचा. एका बाजूला इआर भरपूर, दुसरीकडे कमी, असं दिसतं. आजार पुढे दुसऱ्या अवयवात गेला तर तिथले रिसेप्टर मूळ गाठीपेक्षा बदललेलेही असतात, म्हणून शक्य असेल तर नवीन जागेची पुन्हा बायोप्सी करतात.

याच कारणाने बायोप्सीचा निकाल आल्यावर आम्ही चित्र परत उघडतो. काटेरी गाठ आणि निकाल 'साध्या ऊती'? जुळत नाही, सुई चुकली असणार, पुन्हा करा. ओळीने मांडलेले कण आणि तुकड्यात कॅल्शियमच नाही? पुन्हा. याउलट गुळगुळीत गाठ आणि निकाल ट्रिपल निगेटिव्ह, हे जुळतं, कितीही नकोसं असलं तरी. तुमच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: 'बायोप्सीचा निकाल चित्राशी जुळतो का?'

तीन रिपोर्टांत गाठीची तीन मापं आहेत. खरं कुठलं?

तिन्ही खरी असू शकतात. मॅमोग्राममध्ये काटे धरून मोजलं की वगळून, यावर आकडा बदलतो. सोनोग्राफीत सावलीमुळे मागची कड नीट दिसत नाही, म्हणून ती पुष्कळदा कमी मोजते, लोब्युलरमध्ये तर हमखास. एमआरआय आजूबाजूचा डीसीआयएसही पेटलेला दाखवतो आणि कधी जास्त मोजतो. वर स्तन मॅमोग्राममध्ये दाबलेला, सोनोग्राफीत पाठीवर झोपून पसरलेला, एमआरआयमध्ये पालथं झोपून लोंबता. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजिस्ट पट्टी लावून आणि काचेवर बघून जे माप देतो ते स्टेजसाठी धरतात. पण आधी केमो झाली असेल तर ते माप उरलेल्या गाठीचं. मूळ गाठ केवढी होती हे मग फक्त जुन्या चित्रांतच असतं, तेव्हा त्या सीडी आणि फिल्म टाकून देऊ नका.